वाल्टर काडेन : धुराची वाट ओळखणारा माणूस

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात मोटारसायकलच्या सायलेन्सरवर लेख कशाला, असे संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने मला विचारले. हा लेख सायलेन्सरवर नसून एका माणसावर आहे, असे मी तिला सांगून टाकले. ते अर्धेच खरे होते. त्या माणसाचे सारे आयुष्यच सायलेन्सरमध्ये गेले असल्यामुळे एकाबद्दल लिहायचे आणि दुसऱ्याला वगळायचे, हे जमण्यासारखे नाही.

मी इतिहासाचा विद्यार्थी. यंत्रांशी माझा संबंध आला तो मामामुळे. मामाने आपली जुनी आरएक्स हंड्रेड मला दिली आणि देताना एकच अट घातली, की गाडीला हात लावायचा नाही. ही अट मी सहा महिने पाळली. नंतर मित्रांच्या गाड्यांचे आवाज ऐकून माझाही जीव खालीवर होऊ लागला. एका गॅरेजवाल्याने सांगितले, की सायलेन्सरच्या आतले सगळे कापून काढू, सरळ नळी बसवू, एअर फिल्टर काढून टाकू, म्हणजे इंजिन मोकळा श्वास घेईल आणि गाडी विमानासारखी सुटेल. मोकळा श्वास हे शब्द मला फार पटले. कला शाखेचा विद्यार्थी उपमेला भुलतो, हा माझा अनुभव आहे.

गाडी सुटली नाही. आवाज मात्र असा सुटला की गल्लीतली कुत्री आठवडाभर माझ्यावर नाराज होती. पिकअप गेला, पेट्रोल जास्त लागू लागले आणि तिसऱ्याच रविवारी खंबाटकीच्या चढावर इंजिन सीझ झाले. दोन तास ढकलत गाडी खाली आणली. दुसऱ्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी सिलिंडर उघडून पिस्टनवरचे ओरखडे दाखवले आणि प्लग हातात दिला. तो पांढरा फटक पडला होता. फिल्टर काढल्यामुळे हवा जास्त आणि पेट्रोल कमी झाले होते, त्याने इंजिन तापून अडकले होते. पुढे त्यांनी जे सांगितले ते मला पहिल्यांदा कळलेच नाही. माझ्या गाडीचा सायलेन्सर हा नुसता आवाज दाबणारा डबा नव्हता, तो इंजिनाचाच एक भाग होता आणि मी तो कापून फेकून दिला होता. हे कोणी शोधून काढले, असे मी विचारले. मेस्त्रींना नाव ठाऊक नव्हते, कोणीतरी जर्मन होता एवढेच ते म्हणाले. त्या कोणीतरी जर्मनाचा शोध घेत मी वाल्टर काडेनपर्यंत पोचलो.

वाल्टर काडेनचा जन्म १ सप्टेंबर १९१९ रोजी जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, पोबरशाउ या गावी झाला. जवळच चोपाउ नावाचे गाव आहे. तेथे डीकेडब्ल्यू या कंपनीचा कारखाना होता आणि १९२०च्या दशकाच्या अखेरीस जगात सर्वाधिक मोटारसायकली तेथेच तयार होत होत्या. काडेनचे वडील या कंपनीच्या विक्री व्यवस्थापकाच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. साहेबाच्या गाडीमागून मुलालाही जग दिसले. १९२७ साली न्युरबुर्गरिंग हा शर्यतीचा प्रचंड रस्ता खुला झाला, त्या समारंभाला हा मुलगा वयाच्या आठव्या वर्षी हजर होता. पुढे त्याने केम्निट्झ येथे तांत्रिक शिक्षण घेतले.

आणि मग युद्ध आले. १९४० साली काडेन बर्लिनजवळच्या हेन्शेल विमान कारखान्यात लागला आणि पुढे बाल्टिक किनाऱ्यावरच्या पेनेम्युंडे या शस्त्रसंशोधन केंद्रातही त्याने काम केले. त्याच्यावरच्या अनेक लेखांत तो उडत्या बॉम्बवर किंवा व्ही-२ रॉकेटवर काम करीत असे, असे रंगवून लिहिलेले आढळते. वस्तुतः तो हर्बर्ट वाग्नर यांच्या हाताखाली एचएस २९३ या अस्त्रावर काम करीत होता. विमानातून सोडायचा आणि रेडिओच्या साह्याने जहाजावर नेऊन आदळायचा तो बॉम्ब होता. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून येथे मला थांबावेसे वाटते, कारण मोटारसायकलप्रेमी लेखक या पानावरून फार लवकर पुढे सरकतात. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी भूमध्य समुद्रात अल्जीरियाच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर याच अस्त्राने 'रोहना' नावाचे जहाज बुडवले. एक हजाराहून अधिक अमेरिकन सैनिक त्यात मेले. ते जहाज ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे होते आणि त्यावरचे खलाशी बहुतांशी आपल्याकडचे, हिंदुस्थानी होते. काडेन त्या वेळी चोवीस वर्षांचा एक तरुण तंत्रज्ञ होता, निर्णय घेणारा नव्हता, हे मान्य. परंतु त्याचे कौतुक करताना ही गोष्ट लपवणे मला बरोबर वाटत नाही.

युद्ध संपले तेव्हा चोपाउ रशियन विभागात गेले. कारखान्यातली यंत्रे नुकसानभरपाई म्हणून उचलून नेली गेली. डीकेडब्ल्यूच्या आरटी १२५ या छोट्या मोटारसायकलचा आराखडा विजेत्यांनी वाटून घेतला. इंग्लंडमध्ये बीएसएने त्यावरून बॅन्टम काढली, अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने आपली १२५ काढली, रशियानेही काढली, आणि १९५५ साली जपानमध्ये यामाहा या नव्या कंपनीची अगदी पहिली मोटारसायकल आली तीही याच गाडीवरून बेतलेली. म्हणजे माझ्या आरएक्स हंड्रेडची पणजी चोपाउची! हे वाचले तेव्हा मला उगीचच नातेवाईक भेटल्यासारखे वाटले.

काडेन गावी परतला आणि त्याने लाकडाचा धंदा सुरू केला. बॉम्बने पडलेल्या घरांना छपरे हवी होती, तो छपरांच्या कैच्या बनवू लागला. दिवसा लाकूड आणि उरलेल्या वेळात मोटारसायकल, असा त्याचा क्रम होता. स्वतः तयार केलेल्या १२५ सीसीच्या गाडीवर तो शर्यतीतही उतरे. गाडी चांगली पळते हे सरकारी कारखान्याच्या नजरेस आले आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शर्यत विभाग त्याच्या ताब्यात देण्यात आला. हा कारखाना पुढे एमझेड या नावाने ओळखला जाऊ लागला. विभाग म्हणजे काय, तर मूठभर माणसे. पैसा तुटपुंजा, चांगले पोलाद मिळण्याची मारामार, परदेशी चलन तर नाहीच.

आता त्याच्यापुढे प्रश्न काय होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वाचकांनी दोन मिनिटे सहन करावे.

टू-स्ट्रोक इंजिनात झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात आणि पिस्टन वरखाली होताना त्या उघडतो आणि झाकतो. पिस्टन खाली येताना आधी धूर जाण्याची खिडकी उघडते, लगेच ताजे मिश्रण आत येण्याच्या खिडक्या उघडतात. दोन्ही काही काळ एकदमच उघड्या राहतात. शहर बसला दोन दारे असतात. एकातून उतरणारे उतरत आहेत आणि त्याच वेळी दुसऱ्यातून चढणारे चढत आहेत, अशी कल्पना करा. गर्दीच्या रेट्यात नुकतेच चढलेले काही जण पलीकडच्या दाराने पुन्हा रस्त्यावर येतात. टू-स्ट्रोक इंजिनात नेमके हेच होते. न जळलेले पेट्रोल धुराबरोबर बाहेर पडते. म्हणूनच ही इंजिने स्वस्त, साधी पण दरिद्री समजली जात. शर्यतीत चार स्ट्रोकच्या इंजिनांपुढे त्यांना कोणी मोजत नसे.

धुराचा प्रत्येक स्फोट नळीत शिरला की त्याची एक दाबाची लाट धावते, हे माहीत होते. नळी जेथे रुंदावते तेथून एक ओढणारी लाट मागे येते, आणि पुढे नळी जेथे आवळते तेथून ढकलणारी लाट मागे येते. घाटात हाक मारली की ती परत येते, तसाच हा प्रकार. काडेनने ही नळी पोटाशी फुगीर आणि पुढे निमुळती केली. पहिल्या लाटेने आतला धूर ओढून काढायचा, इतका की त्यामागोमाग थोडे ताजे मिश्रणही बाहेर येईल. आणि खिडकी बंद होण्याच्या अगदी आधी दुसऱ्या लाटेने ते बाहेर आलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबायचे. रस्त्यावर पडलेल्या उतारूंना पुन्हा बसमध्ये ढकलून दार लावायचे!

बोलायला हे सोपे आहे. मिनिटाला १०,८०० फेरे घेणाऱ्या इंजिनात एक फेरा साडेपाच मिलिसेकंदांत संपतो आणि धुराची खिडकी त्यातला साधारण अर्धाच वेळ उघडी असते. तेवढ्यात लाटेने जाऊन परत यायचे. नळी थोडी लांब झाली तर लाट उशिरा येते, आखूड झाली तर लवकर येऊन घोटाळा करते. शंकूचा कोन बदलला की सारे बदलते. अशा फुगीर नळीची कल्पना काडेनची एकट्याची नव्हती. पश्चिम जर्मनीत गेलेल्या डीकेडब्ल्यूच्या एरिख वोल्फने त्याच्या आधी तसे प्रयोग केले होते. पण काडेन अंदाजावर थांबला नाही. त्याने ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या दाबाच्या लाटा पडद्यावर उमटवल्या, त्या मोजल्या आणि मोजमापाप्रमाणे पत्रा कापला. कापायचा, जोडायचा, इंजिन चाचणीला लावायचे, आकडा लिहायचा, पुन्हा कापायचे. माझ्या गॅरेजवाल्यानेही पत्राच कापला होता. त्याने मोजले काहीच नव्हते, आणि मी तरी कुठे विचारले होते?

धूर नीट जाऊन भागत नाही, हवाही नीट आत यायला हवी. पिस्टननेच उघडझाक होणाऱ्या आतल्या खिडकीची अडचण अशी, की ती वर जाताना जितकी आधी उघडते तितकीच खाली येताना उशिरा बंद होते. आत आलेले मिश्रण उलटे कार्ब्युरेटरमधून बाहेर थुंकले जाते. डॅनिएल झिमरमन नावाच्या एका पूर्व जर्मन तंत्रज्ञाने आपल्या खासगी गाडीत यावर उपाय केला होता. क्रँकच्या टोकाला पातळ पोलादी चकती बसवायची, तिचा एक भाग कापलेला. कापलेला भाग तोंडासमोर आला की हवा आत, नाहीतर बंद. केव्हा उघडायचे आणि केव्हा बंद करायचे हे आता पिस्टनच्या मर्जीवर राहिले नाही. काडेनने ही युक्ती स्वीकारली. १९५७ साली त्याने मिश्रण आत आणणारी आणखी एक खिडकी सिलिंडरच्या मागच्या बाजूला काढली. तिच्यामुळे इंजिन अधिक भरू लागले आणि पिस्टनच्या पिनेजवळचा सतत जळणारा भागही येणाऱ्या थंड मिश्रणाने गार राहू लागला. आत येण्याची वाट आणि बाहेर जाण्याची वाट या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत, एकीला हात लावला की दुसरीचे गणित पुन्हा मांडावे लागते, हे त्याच्या कामातून मला जेवढे कळले तेवढे पुष्कळ झाले.

आकडेच बोलतात. १९५४ साली त्याच्या १२५ सीसीच्या इंजिनाची ताकद १३ हॉर्सपॉवर होती. १९६१ साली तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून त्याने २५ हॉर्सपॉवर काढली, म्हणजे एका लिटरला २००. बाहेरून हवा दाबून भरणारे कोणतेही यंत्र न लावता तोवर कोणालाही हे साधले नव्हते. तुलनेसाठी सांगतो, माझी ९८ सीसीची आरएक्स हंड्रेड १९८५ साली बाजारात आली तेव्हा तिची ताकद ११ होती आणि आमच्याकडे तिला रॉकेट म्हणत.

१९५८ साली स्वीडनच्या शर्यतीत होर्स्ट फ्युग्नरने एमझेडला पहिला मोठा विजय मिळवून दिला. त्याहून महत्त्वाचा माणूस होता एर्न्स्ट डेग्नर. तो स्वतः इंजिनांचा जाणकार, आणि गाडी चालवण्यात तर अव्वल. काडेनने जे बनवायचे ते डेग्नरने पळवायचे आणि काय चुकते ते येऊन सांगायचे. १९६१ साली १२५ सीसीच्या जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यतींत तो आघाडीवर आला. होंडाचा टॉम फिलिस त्याच्या पाठोपाठ होता. एका गरीब देशातल्या मूठभर माणसांच्या विभागाने जपानी कारखान्याला गाठले होते आणि टू-स्ट्रोक इंजिनाने कधीच न जिंकलेले जागतिक पद हातभर अंतरावर होते.

त्याच वर्षी १३ ऑगस्टला बर्लिनमध्ये भिंत उभी राहू लागली. ३ सप्टेंबरला डेग्नरने इटलीत मॉन्झा येथे शर्यत जिंकली. १७ सप्टेंबरला स्वीडनमधल्या क्रिस्टियनस्टाड येथे आणखी एक विजय मिळाला असता तर अजिंक्यपद त्याचेच होते. सुरुवातीलाच त्याचे इंजिन बिघडले. काडेनसाठी तो दिवस एवढ्यावर संपला नाही. डेग्नर त्यानंतर चोपाउला परतलाच नाही. तो डेन्मार्कमार्गे पश्चिम जर्मनीत गेला. त्याची बायको आणि मुले मोटारीच्या डिकीत लपून सीमेपलीकडे पोचली होती. सुझुकीच्या माणसांशी त्याचे बोलणे आधीच झाले होते. पूर्व जर्मनीने त्याचे लायसन्स काढून घेतले, अर्जेंटिनातली शेवटची शर्यत त्याला लढताच आली नाही आणि अजिंक्यपद फिलिसकडे गेले. त्याने इंजिन मुद्दाम बिघडवले असा आरोपही त्याच्या देशाने केला.

डेग्नर जपानला, हामामात्सुला गेला. जाताना त्याच्या डोक्यात काडेनचे सारे ज्ञान होते, आणि आराखडे व काही सुटे भागही त्याने बरोबर नेले असे त्याच्यावर लिहिणारे सांगतात. सुझुकीच्या गाड्या तोवर शर्यतीत मागे रखडत होत्या. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, सुझुकीने ५० सीसीचे जागतिक अजिंक्यपद मिळवले. चालक डेग्नरच. टू-स्ट्रोक इंजिनाने मिळवलेले ते पहिले जागतिक अजिंक्यपद होते.

यावर आमच्या इतिहासाच्या सरांशी माझा बराच वाद झाला. सरांचे म्हणणे, ज्या देशात बायकामुलांना डिकीत घालून बाहेर काढावे लागते तो देश सोडणाऱ्याला फितूर म्हणणे अन्यायाचे आहे. ते मला पटते. शर्यती जिंकूनही डेग्नरला मिळणारे पैसे पूर्व जर्मन चलनात, पश्चिमेतले चालक त्याच्या डोळ्यांदेखत श्रीमंत होत होते. त्याने जावे, जरूर जावे. परंतु दुसऱ्याने दहा वर्षे पत्रा कापून जमवलेले आकडे बरोबर नेऊन विकावेत का, या ठिकाणी मी अडतो. सरांनी मला विचारले, की चोपाउच्याच मोटारसायकलचा आराखडा सगळ्या जगाने नेला तेव्हा मी का अडलो नाही? त्यावर मला उत्तर सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. डेग्नरलाही त्या ज्ञानाचे फार काळ सुख लागले नाही. १९६३ साली जपानमध्ये सुझुका येथे गाडी पेटून तो भयंकर भाजला, पुढे शर्यती सुटल्या आणि १९८३ साली तेनेरिफ बेटावर तो वारला. सुझुकाच्या रस्त्यावरच्या एका वळणाला आजही त्याचे नाव आहे. काडेनच्या नावाचे वळण मला कोठे आढळले नाही.

काडेन चोपाउतच राहिला. विभागावर गुप्त पोलिसांची नजर होती, परदेशी जाण्याची प्रत्येक परवानगी म्हणजे एक कसोटी. मित्राच्या पळून जाण्याची झळ मागे राहिलेल्याला लागते, ती त्याला लागली. तरीही काम थांबले नाही. १९६३ साली साक्सेनरिंगवर, म्हणजे घरच्याच मैदानावर, माइक हेलवुडसारख्या इंग्रज चालकाने त्याची २५० सीसीची एमझेड चालवून जपानी गाड्यांना मागे टाकले. १९६४ साली अॅलन शेपर्डने अमेरिकेत डेटोना येथे तिच्यावरच विजय मिळवला. पण जपान्यांकडे पैसा होता, माणसे होती आणि आता काडेनचे गणितही होते. १९६४ साली यामाहाने २५० सीसीचे अजिंक्यपद मिळवले तेही टू-स्ट्रोक इंजिनावर. १९७१ साली साक्सेनरिंगवर पश्चिम जर्मनीचा डीटर ब्राउन यामाहावर जिंकला आणि बंदी झुगारून हजारो पूर्व जर्मन प्रेक्षकांनी पश्चिमेचे राष्ट्रगीत म्हटले. त्या दिवशी काडेनला काय वाटले असेल, याचा मी पुष्कळ विचार केला. गाडी परकी, गाणे परके, आणि नळीतली लाट मात्र त्याच्या घरची.

१९७५पासून २००१पर्यंत ५०० सीसीच्या सर्वोच्च गटातले प्रत्येक अजिंक्यपद टू-स्ट्रोक गाडीने जिंकले. एमझेडचा शर्यत विभाग तोवर मागे पडला होता आणि एमझेडला जागतिक अजिंक्यपद एकदाही मिळाले नाही. पूर्व जर्मनी १९९० साली नाहीसा झाला. काडेन ३ मार्च १९९६ रोजी वारला. त्याच वर्षी आपल्याकडे आरएक्स हंड्रेडचे उत्पादन बंद झाले. धुराच्या नियमांनी पुढे टू-स्ट्रोक गाड्या रस्त्यावरूनही उठवल्या, आणि ते योग्यच झाले. न जळलेले पेट्रोल शेवटी कोणाच्या तरी फुप्फुसातच जाते.

माझ्या गाडीची हकिगत राहिली. मेस्त्रींनी सिलिंडर बोर करून नवा पिस्टन घातला आणि मूळ सायलेन्सर शोधून आणण्याचे काम माझ्यावर सोपवले. जुन्या बाजारात चार रविवार हिंडल्यावर एक मिळाला, गंजलेला, पण आतून शाबूत. बसवण्यापूर्वी मी तो हातात धरून बराच वेळ पाहिला. एका बाजूला हळूहळू रुंदावत जाणारा, मग पुन्हा आवळणारा. फिल्टर परत बसला, कार्ब्युरेटर पुन्हा जुळवला. खंबाटकीच्या त्याच चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढली. मामाला यातले काही सांगितलेले नाही, आणि हा अंक त्याच्या हाती पडणार नाही अशी मला आशा आहे.